मावशीने राखून ठेवलेला डाव

मराठी माणसाने दगडावर अन्याय केला आहे. ज्याला काही कळत नाही तो दगड, ज्याला पाझर फुटत नाही तोही दगड, आणि परीक्षेत मागे पडलेल्या पोराच्या डोक्यात काय भरले आहे, तर दगडच. आपल्या हाताने नुकसान करून घेतले की पायावर धोंडा पाडून घेतला म्हणायचे, दोन वाइटांतून एक निवडायची वेळ आली की दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचे. शेंदूर फासला तरच काय तो त्याला मान. अशा या दगडासमोर तासन्‌तास बसून, त्याच्यावर चढून, पडून, पुन्हा चढून उमेदीची वर्षे घालवणारी माणसे जगात आहेत. ती वेडी नाहीत, उलट त्यांच्याकडून आपण काही घ्यावे, असे मला बरीच वर्षे वाटत आले आहे.

या खेळाचे नाव बोल्डरिंग. बोल्डर म्हणजे मोठा धोंडा. दोन, फार तर तीन पुरुष उंचीचा कातळ. दोर नाही, खिळे नाहीत, हातोडा नाही. पायात घट्ट बसणारे रबरी तळव्याचे बूट, पांढऱ्या भुकटीची पिशवी आणि खाली अंथरलेली जाड गादी, एवढेच साहित्य. ही भुकटी फळ्यावरच्या खडूची नसते. जिम्नॅस्ट हाताला घाम येऊ नये म्हणून लावतात ते मॅग्नेशियम कार्बोनेट असते. धोंड्याच्या पायथ्याशी सुरुवात करायची आणि माथ्यावर उभे राहायचे. पलीकडच्या अंगाने वर जायला सोपी वाट असते, शेळ्या तिकडून जातातही. पण खेळाडूने ठरलेल्या बाजूनेच, ठरलेल्या खाचांवरूनच जायचे. या वाटेला खेळाडू ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे. डावे बोट कोणत्या खाचेत, उजवी टाच कुठे अडकवायची, अंगाचा तोल कधी कुठे न्यायचा, हे आधी डोक्यात सोडवावे लागते, मग हातापायांनी.

या खेळाला आधुनिक रूप देणारे अमेरिकेचे जॉन गिल गणिताचे प्राध्यापक होते, हा नुसता योगायोग मानायला मन तयार होत नाही. ते कॉलेजात जिम्नॅस्टिक्स करत. १९५० च्या दशकात त्यांनी ती भुकटी आणि जिम्नॅस्टची झेप, दोन्ही कातळावर आणली. त्याआधीही पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलात वालुकाश्माच्या धोंड्यांवर लोक चढत होतेच. पण आल्प्सच्या मोठ्या चढाईआधीची तालीम, एवढेच त्याचे महत्त्व मानले जाई. धोंडा हाच डोंगर, आणि त्यावरची चार हालचालींची वाट हीच पुरी मोहीम, असे गिल यांनी मानले आणि १९६९ मध्ये या कलेवर एक लेख लिहून ते जगाला सांगितले. फिनलंडच्या नाले हुक्कताइवाल याने आपल्या देशातल्या जंगलातल्या एका धोंड्यावरच्या जेमतेम काही हालचालींसाठी अनेक वर्षे घालवली आणि २०१६ मध्ये तो माथ्यावर पोचला. तोवर जगात इतकी कठीण वाट कोणी सोडवली नव्हती. उंची मोजाल तर आपल्या घराच्या गच्चीपेक्षा जास्त नाही.

हा परदेशी थाटाचा खेळ आपल्याकडे कसा, असे कुणी विचारील. तर तो महाराष्ट्रात केव्हाचा आला आहे आणि चांगला रुजलाही आहे. मुंबईच्या गिर्यारोहकांनी मुंब्र्याचे आणि कान्हेरीचे कातळ कित्येक पिढ्या झिजवले आहेत. सह्याद्रीतल्या कड्यांवर जायचे तर आधी रविवारी लोकल पकडून तिथे जायचे आणि बोटे घट्ट करायची, असा रिवाज होता. १९५४ मध्ये स्थापन झालेली गिरिविहार ही मुंबईची जुनी संस्था. तिने पुढे नवी मुंबईत बेलापूरच्या टेकडीजवळच्या नैसर्गिक कातळांवर प्रस्तरारोहणाच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली. देशभरातली पोरे तिथे येऊ लागली. आणि मे २०१६ मध्ये याच संस्थेने नवी मुंबईत बोल्डरिंगची जागतिक चषक स्पर्धा भरवून दाखवली. भारतात अशी स्पर्धा त्याआधी झालेली नव्हती. दुसऱ्या वर्षी, २०१७ मध्ये, ती पुन्हा झाली. क्रिकेटच्या देशात, ऐन उन्हाळ्याच्या घामात, जपान आणि युरोपचे नामांकित खेळाडू एका हौशी मराठी संस्थेच्या निमंत्रणावरून येतात, ही गोष्ट आपल्या क्रीडा पानांवर आली तेवढ्यापेक्षा मोठी होती.

मी बेलापूरच्या कातळांवर आणि हंपीच्या धोंड्यांवर हा खेळ नुसता पाहत बसलो आहे. पहिल्यांदा नजरेत भरतो तो चढणारा, पण थोड्या वेळाने आपण खाली उभ्या असलेल्यांकडेच पाहू लागतो. एक जण वर असतो आणि पाच-सहा जण त्याच्याभोवती अर्धवर्तुळ करून हात उंचावून उभे असतात. नवख्याला वाटते, ही मंडळी त्याला झेलणार. तसे नसते. वरून येणारा माणूस झेलायला गेले तर दोघांचेही हात मोडायचे. त्यांचे काम एवढेच, की पडणाऱ्याला गादीवर वळवायचे, डोके आणि पाठ दगडावर आपटू द्यायची नाही. नजर चढणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवायची नाही, कमरेवर ठेवायची. कारण शरीर कुठे जाणार, हे कंबर आधी सांगते. पाच मिनिटांपूर्वी ओळख झालेला माणूस तुमच्या पाठीखाली हात धरून उभा आहे, आणि थोड्या वेळाने तुम्ही त्याच्या. या खेळातल्या दोस्तीचा पाया हा आहे. ती गप्पांतून होत नाही, पाठ सोपवण्यातून होते.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे सांगणे. एखादा पडला की भोवतालचे लगेच बोलू लागतात. ‘पाय आणखी वर घे’, ‘तो डावा होल्ड उलट्या हाताने धर’, ‘झेप घेऊ नकोस, नुसता कलून बघ’. या सल्ल्याला जगभर ‘बीटा’ म्हणतात. चढाईचे व्हिडिओ ज्या कॅसेटवर घेतले जात त्या बीटामॅक्सवरून हा शब्द आला, असे गिर्यारोहक सांगतात. गंमत अशी, की हा बीटा ज्याच्याशी स्पर्धा आहे त्यालाही दिला जातो. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अंतिम फेरीआधी सगळ्या स्पर्धकांना एकत्र भिंतीसमोर आणतात. काही मिनिटे वाट पाहायला मिळते. नंतर एकाने दुसऱ्याची चढाई पाहू नये म्हणून त्यांना आड ठेवतात. त्या काही मिनिटांत पदकासाठी आलेली ही मुले-मुली एकमेकांच्या शेजारी उभी राहून हवेत हात हलवत चर्चा करतात: इथून असे गेले तर? तिथे गुडघा अडकेल का? थोड्याच वेळात एकमेकांना हरवायचे आहे, आणि उत्तर मात्र मिळून शोधायचे.

आमच्या बारामती-इंदापूरच्या तालमींत वाढलेल्या माणसाला हे चमत्कारिकच वाटेल. वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो, हे आपण लहानपणापासून ऐकलेले. त्यामागची गोष्टही आपल्याला आजीने सांगितलेली असते. मांजर ही वाघाची मावशी. तिने भाच्याला दबा धरायला शिकवले, झेप घ्यायला शिकवले, पंजा मारायला शिकवले. शिकून झाल्यावर भाचा मावशीवरच उलटला, तेव्हा ती सर्रकन झाडावर चढून बसली. चढण्याचा डाव तेवढा तिने शिकवला नव्हता. गोष्टीतली मावशी शहाणी होती यात शंका नाही. पण जो डाव तिने राखून ठेवला तो नेमका चढण्याचा होता, आणि तोच डाव उघड्यावर वाटून टाकणारी जमात आज जगभर वाढते आहे, हे पाहून मला नेहमी हसू येते. ते वाटू शकतात याचे कारणही सरळ आहे. कुस्तीत तुमचा डाव समोरच्याच्या पाठीला माती लावण्यासाठी असतो. इथे समोर धोंडा असतो. तो कुणाचा भाचा नाही, तो उलटत नाही. त्याच्यावर तुम्ही चढलात म्हणून माझ्यासाठी तो सोपा होत नाही आणि अवघडही होत नाही.

आता आमच्या भागाचे बोलू. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधला, नीरा नरसिंहपूरला जाऊन निमुळता होणारा हा प्रदेश. पश्चिमेला मावळात कडे, आणि आमच्याकडे नजर पोचेल तिथवर ऊस, डाळिंब, द्राक्षे, नाहीतर कुसळाचे माळ. उजनीच्या फुगवट्यात भिगवणला रोहित पक्षी उतरतात, पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. पण चढावे असा धोंडा शोधायला निघालात तर दिवस वाया जाईल.

याला कारण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्यांचा हा दख्खनचा काळा खडक. घाटमाथ्यावर तो तुटून कडे झाले. पूर्वेकडे मात्र झिजून सपाट झाला. आपला काळा खडक झिजताना कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतो आणि त्याचा मुरूम होतो. कोणत्याही विहिरीच्या काठावर उभे राहा, हा सगळा इतिहास थराथराने दिसेल: वर काळी माती, मग मुरूम, मग विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो ठिसूळ दगड, आणि तळाशी घट्ट कातळ. हंपीचा ग्रॅनाइट याच्या कितीतरी पट जुना, जमिनीत खोल हळूहळू निवलेला. त्याला भेगा पडल्या, भेगांतून पाणी मुरून कोपरे गोल झाले, भोवतालची माती वाहून गेली आणि धोंड्यांच्या राशी उघड्या राहिल्या. त्यामुळे जगातले लोक हंपीला येतात आणि आमच्याकडे रोहित पक्षी पाहायला येतात.

पण धोंडा नाही म्हणून चढण्याची हौस नव्हती असे मात्र नाही. आमच्या पट्ट्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, पोहायला कुठे शिकलात? उत्तर येईल, विहिरीत. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून थोरल्या भावाने ढकलून दिलेले. मोटेच्या थारोळ्यावरून मुटका मारायचा. उडी मारणे सोपे. बाहेर येणे हा खरा खेळ. काही विहिरींना पायऱ्या असत, काहींना नुसते भिंतीतून पुढे आलेले दगड. आणि वांड पोरे तेही सोडून घडीव दगडांच्या सांध्यांत बोटे घालून, ओल्या अंगाने सरळ भिंतीवरून वर येत. निसटले तर खाली पाणी. वर बसलेले काका-मामा ओरडून सांगत, ‘अरे उजव्या अंगाला खाच आहे, तिथं पाय लाव.’ परदेशात आज समुद्रावरच्या कड्यांवर दोराशिवाय चढण्याचा आणि चुकले की पाण्यात पडण्याचा एक खेळच आहे. आमच्या विहिरी तो फार आधीपासून खेळत होत्या. त्याला नाव तेवढे कुणी दिले नव्हते.

या आठवणीला सोन्याचा मुलामा द्यायचा नाही. विहिरींनी पोरे गिळलीही आहेत. आणि त्या विहिरी आता राहिल्या नाहीत. बोअर आले, पाण्याने तळ गाठला, पडक्या विहिरी बुजवल्या गेल्या. त्यांच्या जागी शेततळी आली. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो आणि ओल्या कागदावर ना बोट ठरत ना पाय. पोहता येणारा माणूससुद्धा तिथे काठापाशी येऊन घसरत राहतो. दर उन्हाळ्यात राज्यात कुठून ना कुठून अशा बातम्या येतात. प्रत्येक शेततळ्याला कुंपण आणि काठापासून पाण्यापर्यंत सोडलेला गाठींचा दोर हवाच हवा. जाता जाता का होईना, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. जुन्या विहिरीच्या भिंतीत निदान एक खाच होती. नव्या पाण्याला तीही नाही.

तालमीचेही तसेच. आजही गावोगावच्या जत्रेला कुस्त्यांचा फड भरतो, हलगी वाजते, माणसे गोल करून बसतात. पण रोज पहाटे लाल माती उकरणारी पोरे कमी झाली. मल्लखांब शाळांतून थोडाफार टिकून आहे. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभा केलेला हा व्यायाम बोल्डरिंगचा सख्खा चुलतभाऊ म्हणावा असा आहे. तीच बोटांची पकड, तेच स्वतःचे वजन स्वतः पेलणे. जॉन गिल दोरावर चढण्याचा सराव करत, आणि आपल्याकडे दोरीचा मल्लखांब मुली लीलया करतात. म्हणजे लागणारे बळ आपल्या मातीत आहे. कमी आहे ती भिंत.

ही भिंत उभारणे फार मोठे काम नाही. नैसर्गिक धोंडा नसला तरी हा खेळ चालतो. ऑलिंपिकमध्येही तो कृत्रिम भिंतीवरच होतो. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर जाड प्लायवूड, भिंत थोडी पुढे कललेली, बोल्ट आवळून बसवलेले होल्ड. बारामतीच्या एमआयडीसीतला कुणीही चांगला फॅब्रिकेटर सांगाडा करील, आणि सुरुवातीचे होल्ड गावातला सुतार सागाच्या तुकड्यांतून कोरून देईल. होल्ड काढून दुसरीकडे बसवले की नवा प्रॉब्लेम तयार, त्यामुळे एकच भिंत वर्षानुवर्षे शिळी होत नाही. स्पर्धेची भिंत सुमारे चार-साडेचार मीटरची असते. शाळेला तीन मीटरही पुष्कळ. काटकसर एकाच ठिकाणी करू नये, ती गादीत. तालमीतली कुस्तीची मॅट यासाठी पुरत नाही. चांगला हातभर जाडीचा फोम हवा, आणि दोन गाद्यांच्या मध्ये फट नको, कारण घोटे मुरगळतात ते तिथेच.

पालकांना धोका विचारावासा वाटेल, आणि त्यांनी तो विचारावाच. घोटा, मनगट आणि बोटे यांना इजा होते. म्हणून पहिल्या दिवशी चढायला शिकवतच नाहीत, पडायला शिकवतात. दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे वाकवायचे, मागे लोळण घ्यायची, आणि हात मागे टेकवायचा नाही. हाताने सावरायला गेले की मनगट जाते. जमेल तिथे उडी न मारता उतरून यायचे. वाढत्या वयातल्या मुलांनी बोटांच्या टोकांवर लोंबकळण्याचे जड व्यायाम करू नयेत, कारण त्यांच्या बोटांच्या हाडांची वाढ पुरी झालेली नसते. शिकवणारा माणूस अनुभवी असावा. पुण्यात १९८२ पासून काम करणाऱ्या गिरिप्रेमीसारख्या संस्था आहेत, पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये भिंती आहेत. तिथे दोन शिक्षक पाठवून शिकवून आणणे जमण्यासारखे आहे.

एक गोष्ट मात्र पोरांना आधीच बजावून सांगायला हवी. देवळांच्या भिंती, घाट, गढ्या, पाण्यातून वर आलेली शिल्पे, यांवर चढायचे नाही. या खेळाची माणसे कातळावरही छिन्नी लावत नाहीत. होल्ड जसा आहे तसा घ्यायचा आणि जाताना ब्रशने भुकटी पुसून टाकायची, म्हणजे पुढच्याला कोरा धोंडा मिळतो, असा त्यांचा दंडक आहे. कुणाच्या रानातला धोंडा असेल तर आधी रानमालकाला विचारायचे.

यातून पदके मिळतील का? टोकियोच्या, २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकपासून प्रस्तरारोहण तिथे आहे. त्या वेळी आणि पॅरिसला २०२४ मध्ये स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेट संयुक्त प्रकारात सुवर्णपदक घेऊन गेली. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये बोल्डरिंगला स्वतंत्र पदक ठेवायचे ठरले आहे. इंदापूरच्या मुलीने तिथवर जावे असे मला का वाटणार नाही? पण भिंत मागण्याचे माझे कारण ते नाही.

कारण वेगळे आहे. आमच्या तालुक्यांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत शाळा-महाविद्यालये भरपूर झाली, आणि त्यांच्यामागून क्लासेस आले. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात आणि चौकात फ्लेक्स लागतात. ज्याचा फ्लेक्स लागत नाही तो पोरगा त्या दिवशी घराबाहेर पडत नाही. नापास होणे ही आपल्याकडे एकट्याने, दार लावून करायची गोष्ट आहे. विहिरीत पडणारी पोरे चारचौघांत पडत होती, मातीत चीत होणारीही चारचौघांतच चीत होत होती, आणि उठून अंगाची धूळ झटकत होती. ते पडणे आपण बंद केले, आणि त्याच्या जागी दुसरे काही ठेवले नाही.

बोल्डरिंगमध्ये उत्तम खेळाडूही दिवसभरात चढतो त्यापेक्षा पडतो अधिक. एकाच वाटेवर सकाळपासून वीस वेळा पडलेल्या माणसाला तिथे कुणी नापास म्हणत नाही. त्याची चौकशी अशी होते: या वेळी हात कुठवर पोचला? मागच्या वेळेपेक्षा वीतभर वर गेला असेल तर टाळ्या पडतात. चौदा वर्षांच्या मुलीला जे जमले ते तीस वर्षांच्या बाप्याला जमत नाही, आणि तो मुकाट्याने तिला विचारतो, ‘तू पाय कुठे लावलास गं?’ ती दाखवते. वय, जात, मार्क, बापाचा ऊस किती एकर, यांतले काही त्या क्षणी कामाला येत नाही. तिने नेमका पाय कुठे लावला, तेवढेच कामाला येते.

दर वर्षी जूनमध्ये आमच्याकडे कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या नव्या इमारतीची पायाभरणी होते. दगडाची पूजा होते, नारळ फुटतो. संस्थाचालकांना माझी एवढीच विनंती आहे, की त्या इमारतीच्या मागच्या बाजूची एक भिंत रंगवू नका, तिच्यावर सुविचारही लिहू नका. तिच्याखाली जाड गाद्या टाका आणि ती पोरांना पडायला मोकळी ठेवा.